रोज चालूनही ब्लॉकेज तेवढंच राहतं, मग व्यायामाने हृदयात नेमकं बदलतं काय?

चालकट्टा_दादर

नमस्कार मंडळी. शिवाजी पार्कला सकाळी चालणाऱ्या आमच्या गटात पंचेचाळीस ते अडुसष्ट वयाची वीसेक माणसं आहेत. गटाचं वेळापत्रक आणि नोंदवही माझ्याकडे आहे. निम्म्यांना बीपीची गोळी चालू आहे, चौघांना मधुमेह आहे. एकांना सहा महिन्यांपूर्वी स्टेंट बसला, त्यांना मेटोप्रोलॉल (नाडी मंद ठेवणारी गोळी) चालू आहे आणि त्यांच्या डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे.

अडचण अशी की माणसं गळतात. कारणं ठरलेली. 'वर्षभर चाललो, पण वजन दोन किलोच उतरलं.' 'दुसऱ्या अँजिओग्राफीत ब्लॉकेज होतं तेवढंच निघालं.' 'एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, हललं नाही.' यावर 'व्यायाम चांगला असतो' एवढंच उत्तर देऊन भागत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो:

१. नियमित व्यायामाने हृदयात आणि रक्तवाहिन्यांत प्रत्यक्ष काय बदलतं, आणि किती आठवड्यांत?
२. अशा मिश्र गटाला किती जोराचा आणि किती वेळ व्यायाम द्यावा? कमाल नाडीचं २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना लावायचं का?
३. गोळ्या, मुंबईची हवा, उकाडा यांमुळे काय सांभाळावं लागतं?

'डॉक्टरांना विचारा' हे मान्यच आहे आणि आम्ही ते करतोच. पण विचारायचं काय हे कळलं तरी फार उपयोग होईल.

---

नाडीपरीक्षा

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण गळतीचं मूळ तिथेच आहे. लोक व्यायामाचं फळ चुकीच्या जागी शोधतात.

धमनी म्हणजे गंजलेला नळ आणि व्यायाम म्हणजे तो घासायचा ब्रश, हे चित्र आधी डोक्यातून काढा. चरबीचा थर नळातल्या गाळासारखा आत पडलेला नसतो. तो भिंतीच्या आत, अस्तराखाली असतो. अस्तर म्हणजे एंडोथेलियम, एका पेशीच्या जाडीचा पडदा. रक्त जोराने वाहतं तेव्हा या पडद्यावर घर्षणाचा ताण येतो आणि त्या ताणाला उत्तर म्हणून पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. हा वायू भिंतीतल्या स्नायूला सैल करतो, बिंबाणू (प्लेटलेट) चिकटू देत नाही, दाह कमी ठेवतो. याच रेणूच्या शोधासाठी १९९८चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. चालताना, सायकल चालवताना हा ताण वाढतो, आणि तो रोज मिळत राहिला की नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमच वाढतं. हृदयविकार असलेल्या रुग्णांतही चार आठवड्यांच्या व्यायामाने हृदयाच्या धमन्यांच्या अस्तराचं काम सुधारलेलं मोजलं गेलं आहे. त्याच धमन्यांच्या अँजिओग्राफीत ब्लॉकेजची टक्केवारी मात्र तेवढीच दिसू शकते.

टक्केवारी तेवढीच, मग फायदा कसला? हार्ट अटॅक बहुतेक वेळा येतो तो थराचं पातळ टोपण फाटून त्यावर गुठळी बसल्यामुळे, आणि फाटणारा थर अनेकदा सर्वांत मोठा नसतो. दाह कमी, बिंबाणू कमी चिकट, दाब कमी, साखर आटोक्यात असली की फाटायची आणि गुठळी धरायची शक्यता उतरते. हे अँजिओग्राफीच्या चित्रात दिसत नाही.

आता खुद्द हृदय. विश्रांतीत मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागतं. ठोका ७२ असेल तर प्रत्येक ठोक्याला ७० मिलिलिटर. सरावाने ठोका ६० वर आला तर तेच पाच लिटर प्रत्येकी ८४ मिलिलिटरमध्ये भागतात. यातली खरी कमाई अशी: डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं. नाडी मंदावली की आकुंचनाचा वेळ फारसा बदलत नाही, विश्रांतीचा वाढतो. म्हणजे काम कमी आणि पुरवठा जास्त. छातीत दुखण्याचा उंबरठा वर सरकतो तो मुख्यतः यामुळे.

किती आठवड्यांत, तर ढोबळ क्रम असा. रक्तातला द्रव पहिल्या आठवडा-दीड आठवड्यातच वाढतो. अस्तराचा फरक चार आठवड्यांच्या आसपास. बीपी आणि दमसास आठ ते बारा आठवडे. हृदयाच्या स्नायूचा ताठरपणा उतरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. २०१८ साली डॅलसच्या गटाने ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या पण निरोगी माणसांना दोन वर्षं व्यायाम करायला लावला, हळूहळू आठवड्यात चार-पाच दिवसांपर्यंत नेऊन. त्यांची कमाल प्राणवायू क्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि डावा कप्पा सुमारे २५ टक्क्यांनी कमी ताठ झाला. तुमचा गट जवळपास त्याच वयाचा आहे.

उलटा प्रवास फार वेगाने होतो. १९६६ साली डॅलसमध्येच पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, तर क्षमता पाव हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी नेलं होतं! गणपतीत पंधरा दिवस, दिवाळीत पंधरा दिवस अशा सुट्ट्या घेणाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

एलडीएलबद्दल: व्यायामाने ट्रायग्लिसराइड खाली येतं, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, थोडं वाढतं, एलडीएल जवळपास जागेवर राहतं. म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बंद करायचं नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. वजनाचंही तसंच, ते आहारावर जास्त हलतं. नोंदवहीत वजनाच्या रकान्याऐवजी कमरेचा घेर, सकाळी उठल्याउठल्याची नाडी आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर असे तीन रकाने करा. घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या आत, ही आपल्याकडची मर्यादा. तीन महिन्यांत हे तिन्ही आकडे हलायला लागतात आणि माणूस टिकतो.

---

सुमेधा_फिजिओ

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी दुसरा प्रश्न घेते.

२२० वजा वय हे सरासरीचं सूत्र आहे. प्रत्यक्ष माणसात त्यात दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे सहज असतात. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे जरा बरं, पण मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्यांना दोन्ही निरुपयोगी, कारण गोळी नाडी वर जाऊच देत नाही. सूत्राचा आकडा गाठायला गेले तर ते झेपेल त्यापलीकडे जोर लावतील. तुमच्या स्टेंटवाल्या काकांना नाडीचं लक्ष्य देऊ नका.

त्यांना बोर्गचा तक्ता द्या. ६ ते २० ची पट्टी असते. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता एक पाऊलही नको. सुरुवातीला ११ ते १३, म्हणजे 'हलकं' आणि 'थोडं कष्टाचं' यांच्या मधे. बोलून बघायची खूण तर कोणालाही जमते: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं येत असेल तर वेग कमी पडतोय. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर जास्त झाला.

ज्यांना अशी गोळी नाही त्यांच्यासाठी उदाहरण. वय ५५, विश्रांतीची नाडी ७५. कमाल नाडी २०८ वजा ३८.५, म्हणजे साधारण १७०. त्यातून ७५ वजा केले की ९५ राहतात, ही राखीव नाडी. तिचे ४० ते ६० टक्के म्हणजे ३८ ते ५७, ते ७५ मध्ये मिळवा: ११३ ते १३२. हा मध्यम पट्टा. नाडी मोजताना थांबल्याथांबल्या लगेच पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. मिनिटभर मोजत बसलात तर तेवढ्यात ती खाली आलेली असते.

वेगाचा आणखी सोपा अंदाज: मिनिटाला १०० पावलं म्हणजे बहुतेकांसाठी मध्यम श्रम, १३० म्हणजे जोराचे. पंधरा सेकंदांत पंचवीस पावलं पडताहेत का बघा. कट्ट्याभोवती गप्पा मारत चालणाऱ्यांची बऱ्याचदा वीसही पडत नाहीत. वर्षभर चालून काही बदललं नाही म्हणणाऱ्यांचं आधी हे मोजा. ब्लॉकेजची चर्चा नंतर.

मात्रा: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, वर दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी १५० हा आकडा सांगू नका, तो घाबरतो. तैवानमधल्या चार लाखांवर माणसांच्या पाहणीत रोज पंधरा मिनिटं व्यायाम करणाऱ्यांतही मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी कमी आढळला. पंधरा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. आधी वेळ, मग वेग, मग चढ. तिन्ही एकाच आठवड्यात वाढवले की गुडघा किंवा टाच बोलते आणि माणूस महिनाभर घरी बसतो.

सुरुवातीची पाच-दहा मिनिटं संथ आणि शेवटची पाच-दहा मिनिटंही संथ. शेवटची गाळणारे फार असतात. जोरात चालून एकदम कट्ट्यावर बसलं की पायांच्या पसरलेल्या शिरांत रक्त साचतं, पोटऱ्यांचा पंप थांबलेला असतो, दाब पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांत जास्तच.

ताकदीसाठी जिमची गरज नाही. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, भिंतीवर हात टेकून दंड, रबरी पट्टा ओढणं, टाचा उचलणं. प्रत्येकी १० ते १५ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यात दोन दिवस, मधे किमान एक दिवस सोडून. श्वास रोखायचा नाही. जोर लावताना सोडायचा. दम कोंडून जड वजन ढकलताना बॉडीबिल्डरांच्या धमनीत ३०० च्या वर दाब मोजला गेला आहे. क्षणभरच, पण तो क्षण साठीच्या माणसाला नको.

स्टेंटवाल्यांसाठी थोडं वेगळं. टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) करून घ्या, आणि ती व्यायामाची मात्रा ठरवण्यासाठी आहे असं स्पष्ट सांगा. निदानासाठीच्या टीएमटीला बऱ्याचदा नाडीची गोळी बंद ठेवायला सांगतात. मात्रा ठरवताना उलट, रोजची गोळी रोजच्या वेळेला घेऊनच करायची. ज्या नाडीला दुखू लागतं किंवा ईसीजी बदलतो, त्याच्या किमान दहा ठोके खाली राहायचं. बायपास झालेल्यांनी छातीचं हाड सांधेपर्यंत, साधारण बारा आठवडे, हाताने जड उचलणं, ढकलणं, ओढणं टाळायचं. चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून.

शक्य असेल तर त्यांना कार्डियाक रिहॅबला, म्हणजे हृदयरोग्यांच्या देखरेखीखालच्या व्यायामाला, पाठवा, निदान सुरुवातीच्या सत्रांना. रिहॅबच्या अभ्यासांची एकत्र बेरीज केली तर हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे पाव हिश्शाने आणि दवाखान्यात पुन्हा भरती होणं जवळपास पाचव्या हिश्शाने कमी झालेलं दिसतं. एवढं हाताशी असून डिस्चार्जच्या कागदावर अनेकदा फक्त 'चालत जा' लिहिलेलं असतं, याचं फार वाईट वाटतं.

---

चालकट्टा_दादर

दोघांचेही मनापासून आभार. पंचवीस पावलांची चाचणी उद्याच घेतो.

दोन प्रश्न आणखी. एका काकांना, मधुमेह आणि पूर्वी सिगारेट, पाचेक मिनिटं चाललं की उजव्या पोटरीत गोळा येतो. थांबले की जातो. ते म्हणतात सांधेदुखी आहे, आता चालणं बंदच करतो. दुसरे, वय ५२, सहा महिने चालून आता जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनला अर्धी मॅरेथॉन पळायची म्हणतात. त्यांना अडवू की पळू देऊ?

---

पायवाट

पोटरीच्या गोळ्याचं आधी घेतो, कारण त्या काकांनी चालणं बंद करणं हे नेमकं उलटं होईल.

ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते, उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत जाते, पुन्हा तेवढ्याच अंतरावर येते: हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. कंबरेच्या मणक्यातली नस दबली असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. सांधा दुखत असेल तर पहिल्या पावलालाच दुखतो. हा फरक त्यांना विचारा.

तपासणी साधी आहे. घोट्यावरचा आणि दंडावरचा दाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. ०.९० किंवा त्याहून कमी आला तर धमनीचा आजार. मात्र बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात धमनी चुन्याने कडक होऊन पट्ट्याने दबत नाही आणि आकडा खोटा चांगला येतो. १.४० च्या वर आला तर 'उत्तम' म्हणून घरी पाठवू देऊ नका, पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) मागा. ज्याच्या पायाची धमनी अशी, त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही आजार असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून स्टॅटिन, रक्त पातळ करणारी गोळी, ईसीजी हे सगळं डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

निदान झालं, हृदयाची बाजूही तपासून झाली की उपचाराचा कणा चालणं हाच. पद्धत अशी. सपाट जागा घ्या. अशा वेगाने चाला की तीन ते पाच मिनिटांत पोटरी दुखू लागेल. दुखायला लागल्याबरोबर थांबू नका, दुखणं मध्यम होईपर्यंत चाला. मग थांबा, हवं तर बसा, दुखणं पूर्ण जाऊ द्या. पुन्हा चाला. असं थांबण्याचा वेळ धरून सुरुवातीला तीस मिनिटं, हळूहळू पन्नास. आठवड्यात तीन दिवस, किमान बारा आठवडे. आठ-दहा मिनिटं न दुखता चालता यायला लागलं की वेग वाढवा. चूक बहुतेक वेळा इथेच होते: माणूस दुखायच्या आधीच थांबत राहतो आणि तीन महिन्यांनी अंतर तेवढंच.

बारा आठवड्यांनी घोट्याचा आकडा फारसा बदललेला नसतो, अंतर मात्र बरंच वाढलेलं असतं, अनेकांचं दीडपट-दुप्पट. धमनी रुंद झाली म्हणून नव्हे. पोटरीच्या स्नायूत केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढतात, आलेल्या रक्तातून प्राणवायू जास्त काढून घेतला जातो, चालीची ढबही सुधारते. 'नाडीपरीक्षा' यांनी ब्लॉकेजच्या टक्केवारीबद्दल जे लिहिलं, तेच इथे पायात दिसतं.

सिगारेट सुटली हे फार चांगलं. तंबाखू, मिश्री, गुटखाही चालणार नाही. मधुमेह आहे म्हणून रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. पावसाळ्यात ओल्या बुटांत चालायचं नाही. विश्रांतीतही पाय दुखू लागला, रात्री दुखून पाय पलंगाखाली सोडावासा वाटला, बोट काळं पडलं किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा.

---

लांबपल्ला

५२ वर्षांच्या साहेबांना अडवू नका. तपासून आणि वेळ घेऊन पळू द्या.

आधी आकडे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धी मॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंत ५९ जणांचं हृदय बंद पडलं, म्हणजे १ लाख ८४ हजारांत एक. धोका लहान आहे, पण तो पुरुषांत जास्त, पूर्ण मॅरेथॉनमध्ये अर्धीपेक्षा जास्त, आणि बऱ्याच जणांत आधीपासून न कळलेला आजार होता: हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असणं किंवा धमन्यांचा आजार. म्हणून पळायच्या आधी बीपी, साखर, लिपिड, ईसीजी, टीएमटी. घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, पळताना चक्कर आली असेल किंवा तपासताना हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीसुद्धा. टीएमटी चांगली आली म्हणजे पुढे काही होणारच नाही असं नाही. ती रक्ताची वाट अडल्याचं सांगते, फाटू शकणाऱ्या लहान थराचं नाही. म्हणून लक्षणांकडे लक्ष ठेवणं टीएमटीनंतरही सुटत नाही.

सहा महिने चालणाऱ्याला अर्ध्या मॅरेथॉनसाठी आणखी किमान पाच-सहा महिने द्या. एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठवड्यात तीन दिवस. लांब पल्ला आठवड्यात एकदाच. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी. चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं संथ अशा चार फेऱ्यांचं प्रशिक्षण दमसास झपाट्याने वाढवतं, पण त्यात नाडी कमालीच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर जाते. तपासणी झाल्याशिवाय आणि तीनेक महिने पाया झाल्याशिवाय नको. मरीन ड्राइव्हचा साडेतीन किलोमीटरचा पट्टा लांब पल्ल्यासाठी उत्तम, सपाट आहे आणि समुद्राकडच्या बाजूने पळताना मधे सिग्नल लागत नाहीत.

अति पळण्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. वर्षानुवर्षं खूप अंतर पळणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांच्या धमन्यांत कॅल्शियम थोडं जास्त सापडतं, आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे नाडीची अनियमितता, जास्त आढळते. त्यांच्यातले थर बहुतांशी पूर्ण चुनकट, म्हणजे त्यातल्या त्यात स्थिर प्रकारचे असतात. आठवड्याला तीन-चार तास पळणाऱ्याने यासाठी घाबरायचं कारण नाही. पण पळूनही एलडीएल १६० असेल तर पळणं ही ढाल नाही, गोळी लागतेच.

---

चिकित्सक_परळ

तिसरा प्रश्न राहिलाय. गोळ्या आणि मुंबईची हवा.

बीपीची गोळी व्यायामाआधी टाळायची नाही. लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड, असेल तर पाणी नीट प्या, उकाड्यात खास. विश्रांतीत बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नको. व्यायामानंतर लगेच मोजलेलं बीपी नोंदवू नका. त्यानंतर काही तास ते नेहमीपेक्षा खाली असतं, म्हणून महिन्याची नोंद सकाळी व्यायामाआधी, पाच मिनिटं शांत बसून.

बीपीसाठी एक गोष्ट गटात आजच आणता येईल: भिंतीला पाठ टेकून अर्धवट खुर्चीत बसल्यासारखं उभं राहणं. दोन मिनिटांच्या चार खेपा, मधे दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यात तीनदा. २०२३ मध्ये २७० चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात अशा स्थिर ताणाच्या व्यायामांनी वरचा दाब सरासरी ८ ने उतरला, चालणं-पळणं-सायकलने ४ ते ५ ने. याचा अर्थ चालणं सोडा असा नाही, कारण दमसास आणि साखर यांवरचं चालण्याचं काम हे करत नाही. सुरुवात तीस सेकंदांनी आणि गुडघा कमी वाकवून. श्वास चालू ठेवा. बीपी १६०/१०० च्या वर असणाऱ्यांनी आधी ते आटोक्यात आणावं, आणि स्टेंटवाल्या काकांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

मधुमेहींत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची यादी वेगळी करा, कारण व्यायामाने त्यांची साखर फार उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवाल्यांना सहसा त्रास होत नाही. साखर १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊनच निघायचं. खिशात ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साखरेची पुडी असावी. नाडीची गोळीही चालू असेल तर साखर उतरताना छातीत धडधड जाणवत नाही. घाम तेवढा सुटतो, आणि मुंबईत घामाचं कोणाला नवल! म्हणून अशांनी पहिले काही आठवडे आधी आणि नंतर मोजावं. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो तो दोन-तीन दिवसांत ओसरतो, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

उकाडा. मे आणि ऑक्टोबरमध्ये दमट हवेत घाम वाळत नाही, रक्त त्वचेकडे वळतं, आणि त्याच वेगाला नाडी दहा-वीस ठोके जास्त पडते. त्या दिवसांत वेग कमी करा, श्रमाची पातळी तीच ठेवा.

हवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गार थर जमिनीलगत बसतो आणि धूर-धूळ त्याखाली अडकते. बारीक कण अस्तरावर नेमका उलटा परिणाम करतात, धमन्या आखडतात. 'समीर' अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) बघा. १०० पर्यंत बिनधास्त. १०० ते २०० मध्ये हृदयरोगी आणि दमेकऱ्यांनी संथ आणि कमी वेळ. २०० च्या वर सगळ्यांनीच घरात. अशा दिवशी आणि मुसळधार पावसातही इमारतीचा जिना वापरा: दोन मजले चढायचं, कठडा धरून सावकाश उतरायचं, दहा-पंधरा मिनिटं. चढताना बोलण्याची खूण इथेही लागू. गुडघे दुखत असतील तर चढा पायाने, उतरा लिफ्टने.

ताप असेल तर अजिबात नाही. डेंग्यू किंवा कुठल्याही विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. ताप जाऊन थकवा पूर्ण निवेपर्यंत थांबा, आणि छातीत धडधड किंवा चढताना नवा दम लागत असेल तर ईसीजी काढून मगच सुरू करा.

---

सुमेधा_फिजिओ

एक भर घालते. गटातल्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

चालताना छातीत दाब, जबडा, डावा खांदा किंवा पाठीत दुखणं, थंड घाम, नेहमीच्या वेगाला नवा दम: यांपैकी काहीही झालं तर 'फेरी पूर्ण करून थांबतो' नाही, तिथेच थांबायचं. बायकांत आणि मधुमेहींत छाती दुखेलच असं नाही. नुसता अवचित थकवा, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ असते, आणि ती 'पित्त झालंय' म्हणून सोडा पिऊन दडपली जाते. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं पित्त हे पित्त समजू नका.

सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की घ्यायची, धमन्या सैल करणारी गोळी) लिहून दिलेली असेल तर आधी खाली बसवा, मग ५ मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली. उभ्या-उभ्या घेतली की दाब पडून माणूस कोसळतो. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, म्हणजे लैंगिक ताकदीची गोळी, घेतली असेल तर सॉर्बिट्रेट नाही, हे खासगीत का होईना विचारून ठेवा. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही तर १०८ ला फोन, आणि अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३२५ ची अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायची. स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जाऊ द्यायचं नाही.

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायला सुरुवात करा. दाबून दमायला होतं, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. गटातल्या किमान चौघांनी हे पुतळ्यावर शिकून घ्या, आणि प्रत्येकाच्या खिशात गोळ्यांची यादी आणि घरच्यांचा नंबर असलेला कागद ठेवा. नोंदवहीचं पहिलं पान त्यासाठीच राखा.